ताऱ्याचा उजेड दीड टक्का घटतो तेव्हा

कोजागरीला आमच्या गंगापूर रोडच्या गच्चीवर दूध आटत होतं. माझी नववीतली पुतणी मोबाइलवर बातमी वाचत होती : तेजस्वी ताऱ्यासमोरून जाणारा महाकाय ग्रह सापडला. सोबत तांबूस पट्ट्यांच्या भल्यामोठ्या गोळ्याचं चित्र. "काका, हा फोटो कुठल्या दुर्बिणीतून काढलाय?" मी म्हटलं, फोटो नाही तो, चित्रकारानं कल्पनेनं रंगवलंय, त्या ग्रहाचा फोटो कुणाकडेच नाही. दिंडोरीहून आलेले नाना शेजारी बसून ऐकत होते. द्राक्षबागेची गोडी छाटणी उरकूनच ते आले होते. ग्लास खाली ठेवत म्हणाले, "म्हणजे पाहिला कुणीच नाही, आणि सापडला म्हणता?"

शंका अगदी रास्त आहे. अशा बातम्या आता वरचेवर येतात. ग्रह केवढा, किती तापलेला, इथून किती लांब, हे सगळं त्यांत असतं. तो कळला कसा, हे मात्र एका ओळीत उरकलेलं असतं. मला तर सगळा जीव त्या एका ओळीतच आहे असं वाटतं. आणि मथळ्यात आपली नजर 'महाकाय'वर जाते, पण संशोधकांना आनंद होतो तो 'तेजस्वी' या शब्दाचा. तो का, हे त्या रात्री गच्चीवर सांगत बसलो होतो; तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

कलिंगड आणि द्राक्षाचा मणी

सूर्य सोडून दुसऱ्या एखाद्या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या ग्रहाला बाह्यग्रह म्हणतात. तो थेट का दिसत नाही, हे समजायला आधी मापं डोळ्यांसमोर आणू.

वीस सेंटिमीटर व्यासाचं कलिंगड म्हणजे सूर्य धरा. मग गुरू म्हणजे दोन सेंटिमीटरचा द्राक्षाचा मणी, कारण सूर्याचा व्यास गुरूच्या साधारण दहापट आहे. आपल्या सूर्यमालेत हा मणी कलिंगडापासून शंभर मीटरहूनही जास्त लांब राहून फिरतो. बातम्यांतले महाकाय ग्रह बहुधा तसे नसतात. एचडी २०९४५८ नावाच्या ताऱ्याचं उदाहरण घेऊ, कारण ताऱ्यासमोरून जाताना पकडला गेलेला पहिला बाह्यग्रह त्याचाच. तो तारा कलिंगडाएवढा मानला तर त्याचा मणी जरा टपोरा आहे, आणि कलिंगडापासून एक मीटरसुद्धा दूर नाही. साडेतीन दिवसांत त्याची एक प्रदक्षिणा होते.

आता हे कलिंगड आणि मणी उचला आणि चंद्राच्या वाटेला लागा. जवळजवळ निम्म्या वाटेवर, पृथ्वीपासून सुमारे १ लाख ८० हजार किलोमीटरवर, ते ठेवून द्या. एचडी २०९४५८ आपल्यापासून जवळपास १५८ प्रकाशवर्षं दूर आहे, त्याचं हे मापातलं अंतर. त्यात कलिंगड स्वतः ढणाढणा पेटलेलं, आणि मणी त्याच्यापासून हातभर लांब. नाशिकातून तो मणी वेगळा दिसावा ही अपेक्षाच करता येत नाही. मूठभर बाह्यग्रहांची थेट छायाचित्रं मिळाली आहेत, पण ते ग्रह ताऱ्यापासून खूप दूर आणि अजून जन्माच्या उष्णतेनं तापलेले आहेत.

समोरून जातो तेव्हा

६ जून २०१२ ची सकाळ काहींना आठवत असेल. शुक्राचा काळा ठिपका सूर्याच्या तबकडीवरून हळूहळू सरकत होता, आणि ग्रहणाचे चष्मे लावून लोक तो पाहत होते. एखादा ग्रह आपल्या आणि ताऱ्याच्या मधून असा जातो, त्याला अधिक्रमण म्हणतात. त्या दिवशी शुक्रानं सूर्याचा जेमतेम हजारावा भाग झाकला होता. तेवढा उजेड पृथ्वीवर कमी पोचला, पण कुणाला जाणवला नाही.

दुसरे तारे इतके लांब आहेत की त्यांची तबकडी दिसतच नाही, दिसतो तो नुसता बिंदू. तेव्हा ठिपका सरकताना दिसणार नाही. पण ताऱ्याचा एकूण उजेड किंचित घटेल, काही तास घटलेला राहील आणि परत पूर्ववत होईल. किती घटला यावरून ग्रहाचा आकार निघतो. कलिंगडासमोर दशांश व्यासाचा मणी आला तर त्याच्या तोंडावळ्याचा शंभरावा भाग झाकला जातो, म्हणजे एक टक्का. एचडी २०९४५८ चा उजेड सुमारे दीड टक्क्यानं घटतो, तीन तासांसाठी, दर साडेतीन दिवसांनी.

हे पहिल्यांदा टिपलं गेलं ती हकिकत मी दरवेळी सांगतो. या ताऱ्याला ग्रह असावा हे त्याच्या डुलण्यावरून आधीच लक्षात आलं होतं (डुलणं म्हणजे काय, ते पुढे येईल). ग्रह समोरून गेलाच तर कधी जाईल, हेही त्यावरून काढता येत होतं. १९९९ च्या सप्टेंबरात, ९ आणि १६ तारखेला, डेव्हिड शार्बोनो या तेव्हाच्या विद्यार्थ्यानं आणि टिम ब्राउन या संशोधकानं अमेरिकेत बोल्डर इथे पार्किंगच्या जागेत ठेवलेली दुर्बीण त्या ताऱ्यावर लावली. दुर्बिणीचं भिंग अवघं दहा सेंटिमीटरचं. ठरल्या वेळी उजेड घटला. ग्रेग हेन्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनाही त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्वतंत्रपणे तेच आढळलं. पुढे जुन्या नोंदी काढून पाहिल्या, तर हिप्पार्कोस या युरोपीय उपग्रहानं १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच ही घट टिपून ठेवलेली निघाली. ती कुणाच्या लक्षात आली नव्हती, इतकंच.

तारा तेजस्वीच का हवा?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. त्यासाठी इगतपुरीचा पाऊस आठवा.

अंगणात एकसारख्या दोन वाट्या शेजारी शेजारी ठेवल्या. बाहेर भुरभुर आहे. मिनिटभरात एका वाटीत नऊ थेंब पडतील, दुसरीत तेरा. वाट्या सारख्या, पाऊस तोच, तरी एवढा फरक. इथे थेंब मोजून "पाऊस दोन टक्क्यांनी कमी झाला" असं कुणी म्हणालं तर आपण विश्वास ठेवणार नाही. तेच मुसळधार कोसळत असेल तर दोन्ही वाट्या जवळपास एकाच वेळी काठोकाठ भरतात. थेंब जितके जास्त, तितका योगायोगाचा वाटा कमी.

उजेडही असाच थेंबाथेंबानं येतो. त्या थेंबाला फोटॉन म्हणतात. यामागचा हिशेब नेमका आहे. शंभर फोटॉन येणार असतील, तर दहा इकडेतिकडे होणारच : दहा टक्के चूक. दहा हजार असतील तर शंभर इकडेतिकडे, म्हणजे एक टक्का. दहा लाख असतील तर हजार, म्हणजे दशांश टक्का. ज्या मोजमापात एक टक्का चूक अंगचीच आहे, त्यात दीड टक्क्याची घट कशी शोधणार? तेजस्वी ताऱ्यापासून मिनिटभरात मिळतो तेवढा उजेड मंद ताऱ्यापासून गोळा करायला शंभरपट वेळ घेतला, तर तोवर अधिक्रमण निम्मं सरलेलं असायचं. म्हणजे एक तर दुर्बीण प्रचंड हवी, नाही तर तारा तेजस्वी हवा.

इथे एक खुलासा करायला हवा. 'तेजस्वी' म्हणजे नुसत्या डोळ्यांना ठळक दिसणारा, असं नव्हे. ताऱ्यांची तेजस्विता प्रतींत मोजतात. प्रतीचा आकडा वाढला की तारा मंद. काळोख्या जागेवरून निकोप डोळ्याला साधारण सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. एचडी २०९४५८ ची प्रत ७.६५, म्हणजे तो डोळ्यांच्या आवाक्याच्या थोडा पलीकडे. साध्या द्विनेत्रीतून दिसतो. पाच प्रतींचा फरक म्हणजे उजेडात शंभरपट फरक. केप्लर दुर्बिणीनं हजारो ग्रह शोधले, पण तिचे बहुतेक तारे फार मंद होते, आणि अनेक ग्रहांबद्दल 'आहे' यापलीकडे फारसं कळू शकलं नाही. एप्रिल २०१८ मध्ये अवकाशात गेलेली टेस ही दुर्बीण म्हणूनच जवळच्या, उजळ ताऱ्यांसाठी बांधली आहे. तिच्या चार कॅमेऱ्यांची भिंगंही जेमतेम साडेदहा सेंटिमीटरची आहेत.

दुसरंच काही असेल तर?

उजेड घटला म्हणजे ग्रहच, असं मात्र नाही. याची जाणीव संशोधकांनाही पुरेपूर असते.

ताऱ्यावर डाग असतात, पण ते ताऱ्याबरोबर फिरतात आणि बदलत राहतात. घड्याळ लावल्यासारखी तीन तासांची घट त्यांच्यानं होत नाही. जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे जोडतारे. दोन तारे एकमेकांभोवती फिरताना एकानं दुसऱ्याची नुसती कड झाकली, तरी छोटी घट दिसते. किंवा आपल्या ताऱ्याच्या मागे फार दूरवर असं ताऱ्यांचं जोडपं असतं, आणि त्यांचा लपंडाव आपल्या ताऱ्याच्या नावावर मांडला जातो. टेसच्या चित्रातला एकेक ठिपका आकाशाचा बराच मोठा तुकडा व्यापतो, त्यामुळे शेजाऱ्यांचा उजेड मिसळतोच.

म्हणून तपासण्या होतात. घट परत परत, ठरल्या वेळी येते का? आलेखातला खड्डा परातीसारखा सपाट तळाचा आहे, की निमुळता? ग्रह ताऱ्यावर पूर्ण आला की घट स्थिर राहते, म्हणून परात. कड घासून जाणारा तारा असेल तर निमुळता खड्डा. निळ्या आणि तांबड्या उजेडातली घट जवळपास सारखी आहे का? मोठ्या दुर्बिणीतून पाहिलं तर शेजारी दुसरा तारा दिसतो का? यातून तावून सुलाखून निघाला तरी तो ग्रहाचा 'उमेदवार' असतो. एक अडचण अजून उरलेली असते, आणि ती मोठी आहे.

मुरमुऱ्याचं पोतं, कांद्याचं पोतं

सावलीवरून आकार कळतो, वजन नाही. मुरमुऱ्याचं पोतं आणि कांद्याचं पोतं, दोघांची सावली सारखीच पडते. आणि विश्वात खरोखरच असे छोटे तारे आहेत, ज्यांचं वजन गुरूच्या ऐंशीपट पण आकार जवळपास गुरूएवढाच. सावली पाहून दोघांत फरक करता येत नाही.

वजन काढायला फुगडी उपयोगी पडते. आई आणि लहान लेक फुगडी खेळतात तेव्हा लेक मोठ्या वर्तुळात गरगर फिरते, पण आईही जागेवर खिळलेली नसते. तीही छोटं वर्तुळ घेते. लेक जितकी वजनदार, तितकं आईचं वर्तुळ मोठं. ग्रह ताऱ्याभोवती फिरतो तेव्हा तारासुद्धा असाच डुलतो, कधी आपल्याकडे थोडा येतो, कधी थोडा लांब जातो.

हे डुलणं दिसतं वर्णपटात. ताऱ्याचा उजेड रंगारंगांत फोडला की त्या पट्ट्यावर बारीक काळ्या रेषा दिसतात. तारा जवळ येत असेल तर त्या निळ्या बाजूला सरकतात, दूर जात असेल तर तांबड्या. नाशिकरोडला न थांबता जाणाऱ्या गाडीची शिट्टी येताना चढी आणि जाताना पडती ऐकू येते, तेच इथे उजेडाच्या बाबतीत घडतं. एचडी २०९४५८ चा डुलण्याचा वेग सेकंदाला सुमारे ८४ मीटर आहे. प्रकाशाच्या वेगाच्या तो पस्तीस लाखांत एक भाग भरतो, आणि रेषाही तेवढ्याच सरकतात! त्यासाठी उजेड हजारो रंगछटांत वाटून टाकावा लागतो, आणि प्रत्येक छटेच्या वाट्याला पुरेसे फोटॉन यावे लागतात. म्हणजे पुन्हा तोच शब्द, तेजस्वी.

मिशेल मायर आणि दिदिए केलो यांनी १९९५ मध्ये ५१ पेगासी या ताऱ्याचा ग्रह शोधला तो याच डुलण्यावरून, आणि २०१९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण नुसत्या डुलण्यातही एक खोट आहे. फुगडी गच्चीवरून, थेट वरून पाहिली तर आई आपल्याकडे येताना किंवा लांब जाताना दिसतच नाही. तिरप्यातून पाहिली तर डुलणं खऱ्यापेक्षा कमी वाटतं. म्हणून त्यातून मिळतं ते कमीत कमी वजन. ग्रह ताऱ्यासमोरून जातो हे एकदा कळलं, की आपण फुगडी बरोबर बाजूनं पाहतोय हे पक्कं होतं, आणि वजन खरं निघतं. सावली आणि डुलणं एकमेकांचे साक्षीदार होतात ते असे.

दोन्ही मापं हाती आली की काय कळतं पाहा. एचडी २०९४५८ चा ग्रह गुरूपेक्षा एक तृतीयांशानं मोठा, पण वजनाला गुरूच्या सात दशांशच. त्याची घनता पाण्याच्या साधारण एक तृतीयांश. हे मुरमुऱ्याचं पोतं. आता दुसरा. टेसला टीओआय-४६०३ या ताऱ्याच्या उजेडात घट दिसली. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी माउंट अबूच्या गुरुशिखरावरच्या दुर्बिणीला जोडलेल्या 'पारस' या वर्णपटयंत्रानं त्या ताऱ्याचं डुलणं मोजलं, आणि २०२३ मध्ये शोध जाहीर झाला. हा ग्रह आकारानं गुरूएवढाच, पण वजन गुरूच्या जवळपास तेरापट! घनता पाण्याच्या चौदापट, शिशाहूनही जास्त. त्याच्या ताऱ्याची प्रत नऊच्या जरा पुढे आहे, म्हणूनच एक-सव्वा मीटरच्या दुर्बिणीला हे जमलं.

तो तारा सुमारे ७३१ प्रकाशवर्षं दूर आहे. निवृत्तिनाथांनी त्र्यंबकेश्वरी समाधी घेतली त्या काळाच्या आसपास निघालेला उजेड गुरुशिखरावर पोचला, आणि त्याच्या रेषा किती सरकल्या हे आपल्या देशातल्या यंत्रानं मोजलं. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ कागद हातात धरून बसलो होतो.

कडेचा पातळ पदर

जानेवारीत द्राक्षं आली की एक मणी उन्हासमोर धरून पाहा. मधला भाग गडद राहतो, कडेचा पातळ पदर उजळतो आणि त्याला द्राक्षाचा रंग चढतो. ग्रह ताऱ्यासमोर असतो तेव्हा ताऱ्याचा थोडा उजेड ग्रहाच्या वातावरणाच्या कडेतून गाळून येतो, आणि वातावरणात जे असेल ते आपापला रंग गिळून ठेवतं. हबल दुर्बिणीनं एचडी २०९४५८ च्या ग्रहाभोवती अशा रीतीनं सोडियम शोधला; तो निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. रस्त्यावरच्या जुन्या पिवळ्या दिव्यांत असायचा, तोच सोडियम, तोच पिवळा रंग. एका बाह्यग्रहाच्या हवेत काय आहे हे माणसाला पहिल्यांदा कळलं, ते असं. तो रंग इतर रंगांपेक्षा जास्त घटला होता तो फक्त ०.०२ टक्क्यांनी. वाट्यांचा हिशेब आठवला, तर एवढ्यासाठी फोटॉन कोटींनी लागतात हे लक्षात येईल.

सगळे ग्रह असेच असतात का?

पुतणीचा हा प्रश्न फार चांगला होता. बातम्या वाचून वाटतं, की विश्वात सगळीकडे ताऱ्यांना चिकटलेले तापलेले गुरूच आहेत. तसं नाही. असे ग्रह शंभरातल्या एखाद्या ताऱ्याकडे असतील, त्याहूनही कमी. पण गंगापूर धरणात मोठ्या डोळ्यांचं जाळं टाकलं तर हाती मोठेच मासे लागणार. ताऱ्याजवळचा ग्रह आपल्या नजरेच्या रेषेत येण्याची शक्यता एचडी २०९४५८ सारख्या ठिकाणी नवात एक असते. आपल्या गुरूएवढ्या लांबच्या ग्रहासाठी ती हजारात एक. शिवाय गुरूची प्रदक्षिणा बारा वर्षांची, म्हणजे घट दुसऱ्यांदा दिसायला बारा वर्षं थांबायचं.

हे वायूचे गोळे मुळात ताऱ्यापासून दूर, थंड भागात तयार झाले असावेत आणि नंतर आत सरकले, असं बहुतेकांचं मत आहे. सरकले कसे, यावर वाद आहे. काही जण म्हणतात, ताऱ्याभोवतीच्या वायूच्या चकतीतून हळूहळू. काहींच्या मते दुसऱ्या ग्रहाच्या किंवा ताऱ्याच्या ओढीनं लांबट कक्षेत फेकले गेले, आणि मग ती कक्षा हळूहळू गोल होत गेली. टीओआय-४६०३ च्या ग्रहाची कक्षा अजून लांबट आहे, म्हणून तो या वादात महत्त्वाचा साक्षीदार ठरतो. तिथे जीवसृष्टी आहे का, हे मात्र विचारूच नये. तापमान हजार अंशांच्या कितीतरी वर आहे.

"पण आपल्याला उपयोग काय?" नानांनी विचारलं. मी प्रामाणिकपणे सांगितलं, की द्राक्षाला भाव मिळायला काही नाही. पण १९९५ पर्यंत सूर्यासारख्या ताऱ्याची ग्रहमाला कशी असते, याचं एकच उदाहरण आपल्याजवळ होतं, ते आपलं स्वतःचं. एकच बाग पाहून द्राक्षशेतीचे नियम लिहावेत तसं ते चाललं होतं. नाना यावर हसले नाहीत, मान हलवून म्हणाले, "दुसऱ्याची बाग बघितल्याशिवाय आपली कळत नाही, हे खरं."

नाशिकच्या डोक्यावरून

शेवटी पुतणीला मी वर बघायला सांगितलं. चांदणं टिपूर होतं, तरी भाद्रपदेचा चौकोन ओळखू येत होता. पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदेचे चार तारे मिळून होतो तो. त्याच्या पश्चिमेच्या बाजूलगत ५१ पेगासी आहे. काळोख्या रात्री गावाबाहेरून तो नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. आणखी थोडं पश्चिमेला एचडी २०९४५८. नाशिक वीस अंश उत्तर अक्षांशावर वसलेलं, आणि हे दोन्ही तारे खगोलाच्या जवळपास त्याच पट्ट्यातले. त्यामुळे ते दररोज अगदी आपल्या डोक्यावरून जातात, माथ्यापासून अंशभर इकडे किंवा तिकडे.

हे आपलं भाग्यच म्हणायचं. तारा क्षितिजालगत असला की त्याचा उजेड हवेच्या जाड थरातून येतो आणि लुकलुकतो. माथ्यावर हवेचा थर सगळ्यांत पातळ. छोटी दुर्बीण, चांगला कॅमेरा, शेजारच्या दोन-तीन स्थिर ताऱ्यांशी तुलना आणि चिकाटी एवढ्यावर जगभरातले हौशी निरीक्षक ही दीड टक्क्याची घट नोंदवतात. अडचण वेळेची येते. दोन प्रदक्षिणांना सात दिवस आणि तासाहून थोडा जास्त वेळ लागतो. त्यामुळे एका आठवड्यात संध्याकाळी आठला अधिक्रमण मिळालं, तर पुढच्या आठवड्यात ते सव्वानऊच्या सुमारास येतं, आणि असं सरकत सरकत शेवटी दिवसा उजेडी जातं.

दिवाळीच्या अमावास्येला आठ-साडेआठच्या सुमारास एचडी २०९४५८ बरोबर माथ्यावर येतो. नानांच्या मळ्यावर शहराचा उजेड कमी आहे. द्विनेत्री माझ्याकडे आहे, कॅमेरा एका मित्राकडून आणायचा आहे, आणि तीन तास सलग जागेवर बसायची तयारी पुतणीनं आधीच दाखवली आहे.